ओढणाऱ्याची होडी

मे सरत आला की शिवडीच्या कोळीवाड्यातल्या होड्या खाडीतून वर येतात. वर येतात असं आपलं म्हणायचं. होडीला पाय नसतात. पूर्वी अख्खा वाडा दोरखंडाला लागायचा, बायका ओंडक्यांना तेल चोपडायच्या आणि पुढे उभा राहून एक म्होरक्या हाळी द्यायचा. आता वाड्यातल्या निम्म्या माणसांना कंबरेचा त्रास आहे आणि उरलेल्या निम्म्यांना ऑफिस आहे. म्हणून गेली काही वर्षं हे काम महादेवची गाडी करत होती.

गाडी म्हणजे चारही चाकांना जोर जाणारी जुनी पिकअप. कुठल्याशा सरकारी खात्यानं तिला डोंगरात दामटून दामटून शेवटी लिलावात काढली होती, आणि लिलावाला महादेवशिवाय दुसरा वेडा फिरकला नव्हता. एरवी ती पहाटे धक्क्यावरून महादेवच्या बायकोची, शांतीची, मासळी दादरच्या बाजारात पोचवायची. पण तिचा मान होड्या ओढण्यात. मागच्या साली मच्छीमार सोसायटीच्या तरुण सेक्रेटरीनं, विनीतनं, भाड्याची क्रेन आणून सुधारणा करून पाहिली. क्रेन चिखलात पोटापर्यंत बसली. तिला बाहेर काढायला महादेवची गाडीच बोलवावी लागली. त्या दिवसापासून विनीत महादेवला आदरानं काका म्हणू लागला आणि त्याच्याशी बोलायचा बंद झाला.

ओढण्याचा एक नियम होता. ओढणाऱ्याची होडी शेवटी. महादेवचा आजा म्होरक्या होता तेव्हापासूनचा. कारण कोणी सांगत नसे, पण ते समजायला बुद्धी लागत नव्हती: म्होरक्याची स्वतःची होडी आधी वर आली की म्होरक्याला एकदम जेवणाची आठवण होते. मनुष्यस्वभावाचा इतका खोल अभ्यास करून ठेवलेला नियम मोडायची कोणाची छाती नव्हती. बदल्यात उताराच्या माथ्यावरची जागा, जिथे कितीही मोठं उधाण आलं तरी पाणी पोचत नाही, ती ओढणाऱ्यासाठी राखलेली.

त्या जागेवर दर साली महादेवची 'बकुळा' येऊन बसायची. बकुळा हे त्याच्या आईचं नाव. आई गेली, होडी राहिली. लाकडी होती. बाकीच्यांनी फायबरच्या घेतल्या तेव्हा महादेवनंही घ्यायची ठरवली होती, ती अजून ठरवलेलीच होती. लाकडी होडीचं असं असतं की पावसाळ्यात ती पाण्यात राहिली तर वाऱ्यानं बंदराच्या दगडांवर आपटून आपटून तिच्या फळ्या सुटतात, आणि अशी होडी आता बांधून देणारा सुतार उरलेला नाही. बकुळा गेली की ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली तरी महादेव पाण्यात जाणार नव्हता. त्या ऑगस्टमध्येच नाही, कुठल्याच.

यंदा सगळ्या होड्या वर आल्या. राहिल्या दोन. एक म्हाताऱ्या रमाबाईची आणि एक बकुळा. आणि शेजारच्याची होडी माथ्याच्या अलीकडे सोडून गाडी मागे येत असताना तिच्या पोटातून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला, मग मोठा खाट्‌ असा आवाज आला, आणि मग काहीच आलं नाही.

शांती उतारावर उभी होती. ती म्हणाली, "काय झालं?"

"काय नाय," महादेव म्हणाला. नवऱ्यानं हे उत्तर दिलं की बायकोनं घाबरायचं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

लवूला बोलावलं. लवू जन्मला नायगावच्या चाळीत, पोसला एसटीच्या वर्कशॉपनं, आणि बोलायचा मात्र अजून मालवणहून कालच उतरल्यासारखा. निवृत्त होऊन घरी बसला तोवर चाळीच्या जागी टॉवर झाला. टॉवरच्या वॉचमननं त्याचा जॅक लिफ्टमधून न्यायला मनाई केली. तेव्हापासून त्याची हत्यारं महादेवच्या पडवीत आणि तो स्वतः हत्यारांच्या आसपास असे.

लवू गाडीखाली गेला. बराच वेळ फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. मग आतून आवाज आला.

"म्हादेवा, गिअरबॉक्स गेलो. दात सगळे पडले."

"आन ट्रान्सफर?"

ट्रान्सफर म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीला जोडलेली दुसरी पेटी; तीच इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. ती नसली तर चार चाकांची गाडी ही नुसती चार चाकांची गाडी.

"तेचा पोट फुटला," लवू म्हणाला. "दोघांची गाठ पक्की होती. एक गेलो तसो दुसरो गेलो. नवराबायकोत पण असा रवणा नाय."

महादेवची मुलगी ऋतिका परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तिनं फोनवर भरती-ओहोटीचं पाहून सांगितलं की पौर्णिमेचं उधाण ओसरलं, आता मोठं उधाण अमावस्येला, भर दुपारी. त्या पाण्यावरच होडी उताराच्या पायथ्याला तरंगत येते. त्यानंतर दोन दिवसांत पाणी खाली खाली जाणार, आणि पुढचं उधाण येईस्तोवर वारा फिरलेला असणार. म्हणजे हातात पंधरवडाही नव्हता. मग तिनं त्याच फोनवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवला. तोही अशाच जुन्या गाडीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर बदलत होता. त्याच्या गॅरेजच्या फरशीवर केळीचं पान मांडून जेवता आलं असतं. त्यानं हातमोजे घातले, एक बटण दाबलं, गाडी आपोआप वर गेली. लवूनं शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, की ह्येका जेवण कोण घालता.

कुर्ल्याच्या भंगारात एक जोडी मिळाली, गिअरबॉक्सला ट्रान्सफर चिकटलेला. त्याच कंपनीची, पण नंतरच्या गाडीची. जुना चार गिअरचा होता, हा पाच गिअरचा. एक गिअर जास्त मिळतोय म्हणून महादेवला क्षणभर बरं वाटलं. लवूला वाटलं नाही. पाच गिअर म्हणजे पेटी लांब. पेटी लांब म्हणजे ट्रान्सफर मागे सरकणार, तो मागे सरकला की मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी शाफ्ट तेवढाच आखूड करावा लागणार. पुढचा शाफ्ट जोडीबरोबरच आला होता; तो बसणार होता. आणि गिअरचा दांडा भलत्याच ठिकाणी वर येणार.

"कुठं येनार?" महादेवनं विचारलं.

"थंय," म्हणून लवूनं सीटकडे बोट दाखवलं. सीटच्या मधोमध, जिथे शांती बसायची.

काम बंदरावरच, गोदामाच्या भिंतीच्या सावलीत सुरू झालं. सावली दुपारी भिंतीखाली निघून जायची आणि माणसं तिथेच राहायची. जुना गिअरबॉक्स उतरवायला त्यांच्याकडे बटण नव्हतं. महादेवनं गाडीच्या दोन्ही खिडक्यांतून आरपार वल्हं घातलं, त्याला होडीची कप्पी बांधली, आणि तळातल्या गिअरच्या दांड्याच्या भोकातून दोर खाली सोडून गिअरबॉक्सला जुन्या जाळ्याच्या तुकड्यात घातलं. दोराचं टोक शांतीच्या हातात. "सोड" म्हटलं की सोडायचं, "धर" म्हटलं की धरायचं. खाली महादेव उताणा. शेवटचा नट सुटला तसा तो सगळा लोखंडी डोंगर जाळ्यात झोकांडला आणि त्याच्या छातीवर येऊन टेकला. काळं तेल मानेवरून कानात गेलं.

"धर," तो म्हणाला. म्हणायला हवा पुरत नव्हती.

"धरलंय," वरून शांती म्हणाली. तिच्या तळव्याची साल दोराबरोबर गेली होती, ते तिनं संध्याकाळी मीठ लागल्यावर सांगितलं.

चिखलात दूर फ्लेमिंगो उभे होते. त्यांना बघायला कॅमेरेवाले आले होते. त्यातल्या एकानं जाता जाता गाडीखालचे पाय पाहिले, एक फोटो काढला आणि फार ऑथेंटिक आहे असं म्हणून निघून गेला. विनीत रोज एकदा स्कूटरवरून यायचा, स्कूटर बंद न करता बघायचा आणि कोणालातरी फोनवर सांगायचा की काकांचं चाललंय, होईल, आपण आशा ठेवू. असं म्हणणाऱ्याला लांबूनसुद्धा दगड मारावासा वाटतो. रमाबाई मात्र स्टूल घेऊन यायची आणि बसायची. तिचा मुलगा बोटीवरच्या नोकरीत परदेशी. होडी तिची, जीभ तिची. तरी ती काही विचारत नसे. नुसती बसून राही, डॉक्टरच्या बाहेर बसतात तशी.

नवी जोडी चढवायला उतरवण्याच्या दुप्पट त्रास झाला. पेटीचा पुढचा दांडा क्लचच्या भोकात जाईना. महादेव खालून छातीनं रेटायचा, लवू पाना लावायचा, शांती वर दोर ओढायची. एकदा लवूचा पाना घसरून महादेवच्या गालाच्या हाडावर बसला. त्यानं गाल खांद्याला पुसला आणि पुन्हा रेटलं; चुकून मारलेल्याबद्दल भांडायला वेळ नव्हता. शेवटी शांती चिडून म्हणाली, की मागचं टोक जरा उचला की, म्हावऱ्याला सुरी घालतो तसं तिरकं घाला. तिरकं घातलं. गेलं. लवूनं खालूनच सांगितलं, की आपण हेच सांगणार होतो.

मग मागच्या शाफ्टचं माप.

इथे जे झालं ते कोळ्याकडूनच होऊ शकतं. लवूची टेप टॉवरच्या घरी राहिली होती. महादेवला टेपची गरज कधी पडली नव्हती. जाळं, दोर, डोलकाठी, सगळं तो सुतळीनं मापायचा. त्यानं जाळं विणायच्या नायलॉन दोरीचा तुकडा घेतला, ट्रान्सफरपासून मागच्या धुऱ्यापर्यंत न ताणता सरळ धरला, दोन टोकांना दोन गाठी मारल्या. "बरोब्बर," लवू म्हणाला. आणि ते बरोबरच होतं.

शाफ्ट खांद्यावर टाकून महादेव लालबागला निघाला. बसच्या कंडक्टरनं तो खांब बघून विचारलं, तोफ कुठे न्यायचीय, आणि खाली उतरवलं. म्हणून तो चालत गेला. उन्हात लोखंड तापलं, शर्ट भाजला, मग खांदा. लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर हेरंबचं लेथ होतं. हेरंब बॅग भरून दारात उभा. मे महिन्यात लालबाग अर्धं कोकणात असतं. हेरंब उरलेल्या अर्ध्यात राहून कंटाळला होता. संध्याकाळची गाडी होती. पण महादेवचा खांदा बघून त्यानं बॅग खाली ठेवली.

"माप?"

महादेवनं दोरी दिली.

हेरंब चांगला कारागीर. चांगला कारागीर दोरीचं माप कधी ढिलं घेत नाही. त्यानं एक गाठ पायाच्या अंगठ्याखाली दाबली, दुसरी धरून दोरी ताठ ताणली आणि खडूनं खूण केली. नायलॉन ताणलं की वाढतं, हे महादेवला लहानपणापासून माहीत होतं; रावस लागला की किती वाढतं तेही त्यानं सांगितलं असतं. पण त्या वेळी तो हेरंबच्या बायकोनं दिलेलं पाणी पीत होता. तांब्या खाली ठेवला तोवर लेथ सुरू झालं होतं. शाफ्ट कापला गेला, जोडला गेला, वेल्डिंग झालं, हेरंबनं हात धुतले, बॅग उचलली आणि गावाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाफ्ट बसेना. अंगठाभर लांब.

लवूनं दोरी बघितली. ताणली. सोडली. मग महादेवकडे बघितलं.

"दोरी कोणी दिली?"

"मीच."

"मापाक नायलॉन?" बरोब्बर म्हणणारा लवू म्हणाला.

शांतीनं डोळे मिटले. ज्या दोरीवर तिच्या नवऱ्याचं सगळं आयुष्य चाललं होतं, तिनंच त्याला फसवलं होतं, आणि तीही चूक दोरीची नव्हती.

अमावस्या उद्या. हेरंब गावात, त्याचा फोन डोंगराआड. नायगावचं दुसरं लेथ पाडकामात गेलेलं. लवूनं मागचे स्प्रिंगचे पाटे लाकडाच्या ओंडक्यांनी उचलून, धुरा मागे रेटून, शाफ्ट कसाबसा आत घातला. घातला म्हणजे ठोकला. गाडी सुरू झाली. पाचही गिअर पडले. शांती सीटवर बसली तर गिअरचा दांडा तिच्या गुडघ्यांमध्ये. महादेवनं तिसरा टाकला की तिला सरकावं लागे, चौथा टाकला की परत यावं लागे. "तुमी गाडी चालवताय का मला?" ती म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा दोघं हसले. थोडंच.

लवू हसला नाही. तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले.

"ऐक. शाफ्ट मागसून ट्रान्सफराक ढकलता. वजन इला की गाडी बसतली, शाफ्ट आणखी ढकलतलो, आणि मागचो सील फाटतलो. तेल जातला. एक होडी काढतली ही. दुसरी माका सांगूक येवची नाय."

"एक नक्की?"

"एक नक्की. तुझी आधी काढ."

शांतीनं महादेवकडे पाहिलं आणि मग मुद्दाम खाडीकडे पाहायला लागली.

अमावस्येला दुपारी पाणी चढलं. उताराच्या दगडांवरून वर, मागच्या वर्षीच्या शेवाळाच्या रेघेच्याही वर. हवेत वारा नव्हता, आभाळ शिशासारखं. दोन्ही होड्या पायथ्याशी तरंगत होत्या, रमाबाईची फायबरची निळी आणि बकुळा. ओंडके मांडले होते. वाड्यातली माणसं आली होती, थोडी मदतीला, बरीच बघायला. विनीतनं व्हिडिओसाठी फोन काढून ठेवला होता.

महादेव दोरखंडाचा फास हातात घेऊन पाण्यात कमरेपर्यंत उभा होता. बकुळा त्याच्या उजव्या हाताला होती. एवढी जवळ, की तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, त्याच्या खांद्याला लागत होती, गाईनं तोंड लावावं तशी. त्यानं फास उजवीकडे टाकला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. म्हणजे म्हटलं असतं, पण पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबून.

महादेव थोर माणूस नव्हता. नियम चांगला की वाईट याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. त्याला फक्त एवढं दिसत होतं की बकुळा आधी वर गेली आणि रमाबाईची खाली राहिली, तर रमाबाई रोज स्टूल घेऊन येणार, बसणार आणि काही विचारणार नाही. ते त्याला झेपलं नसतं.

त्यानं फास डावीकडे टाकला.

काठावर शांतीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. बाकी काही केलं नाही.

गाडीनं लो गिअर घेतला, चारही चाकं चिखलात थुंकली, मग धरली. निळी होडी ओंडक्यांवर चढली आणि हळूहळू, कण्हत, माथ्याच्या अलीकडे जाऊन उभी राहिली. लोकांनी हुश्श केलं. लवूनं केलं नाही. तो आधीच गुडघ्यांवर बसून गाडीखाली बघत होता. चिखलावर काळ्या तेलाची एक सरळ रेघ उमटली होती, पाण्यापासून गाडीपर्यंत.

सील फाटला होता. डब्यातलं उरलेलं गिअर ऑइल लवूनं ओतलं. एका बाजूनं गेलं, दुसऱ्या बाजूनं निम्मं आलं. त्यानं मग सायकलच्या ट्यूबची पट्टी फाडून त्या जागेवर आवळून बांधली. थेंब थांबले नाहीत, पण सावकाश झाले. आता आत पुरेसं तेल नव्हतं आणि डबा रिकामा होता. दुकान नाक्यावर होतं आणि ओहोटी पायाशी. दगडांवर ओल्या पट्टीखाली दुसरी ओली पट्टी दिसायला लागली होती.

"तेल पायजे," महादेव म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. "कसलंपन."

कोणी हललं नाही. मग रमाबाई उठली. स्टूल तिथेच ठेवून घरी गेली आणि एक गंजका डबा घेऊन आली. मुशीच्या काळजाचं तेल. लाकडी होड्यांना चोपडतात ते. तिच्या निळ्या होडीला ते लागत नव्हतं. नवरा गेल्यापासून तिनं ते जपून ठेवलं होतं, कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

"ह्ये चालंल?"

लवूनं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. आयुष्यभर एसटीच्या गाड्यांत त्यानं नाना तऱ्हेची तेलं ओतली होती, पण मासा ओतला नव्हता.

"ह्यां ओतूचा?"

"दुसरं हाय काय तुज्याकडं?" रमाबाई म्हणाली. "मग नाक कशाला मुरडतो? वत."

ओतलं. गिअरबॉक्समध्ये, ट्रान्सफरमध्ये, दोन्हीकडे भरपूर. वाड्यातली मांजरं गोदामाच्या भिंतीवर येऊन बसली.

फास बकुळेला लागला. महादेव चालवायला बसला. शांतीनं ओंडक्यापाशी थांबावं असं ठरलं होतं, पण ती गाडीत चढली आणि गिअरचा दांडा गुडघ्यांत धरून बसली. गिअर निसटू नये म्हणून तो दोन्ही हातांनी खाली दाबून धरला. महादेवनं तिला उतर म्हटलं नाही.

गाडी निघाली. बकुळा पाण्यातून बाहेर आली तशी जड झाली, खूप जड. लाकडानं वर्षभर प्यालेलं पाणी तिच्या फटींतून गळत होतं. पहिला ओंडका. दुसरा. गाडीच्या तळातून धूर आला आणि तळलेल्या मुशीचा वास अख्ख्या बंदरावर पसरला. एरवी त्या वासानं माणसाला भूक लागते. महादेवनं नाक खांद्यात खुपसलं. आतला आवाज आधी गुरगुरण्यासारखा होता, मग दात खाण्यासारखा, मग किंकाळीसारखा. शांतीच्या हातातला दांडा तापला, तिनं पदर गुंडाळला आणि धरून ठेवला. अर्धा उतार झाला. अर्ध्याच्या थोडं वर.

मग किंकाळी थांबली. गाडीला एक हिसका बसला आणि सगळं जागच्या जागी उभं राहिलं.

आता होडी मागे जाणार. सगळ्यांना तेच वाटलं. ओंडक्यांजवळची माणसं बाजूला पळाली. महादेवनं ब्रेकवर दोन्ही पाय दाबले आणि आरशात बघितलं. दोर ताठ झाला, करकरला. बकुळा वीतभर मागे आली.

आणि थांबली.

लवू खाली गेला. या वेळी चपलाही लवकर बाहेर आल्या नाहीत. आला तेव्हा त्याच्या भुवया जळलेल्या होत्या.

"गिअर एकमेकांत वितळले," तो म्हणाला. "ट्रान्सफरपण. चारही चाकां धरली हत. आता गाडी पुढे जावची नाय, मागे जावची नाय. देव इलो तरी हलूची नाय."

"मग होडी?"

"तीपण नाय." लवूनं जाम चाकाला लाथ मारून पाहिली. "खुटो झालो गाडीचो."

होडी माथ्यावर नव्हती. माथ्यावरची राखलेली जागा, पाणी न पोचणारी, अजून वर होती, रिकामी. बकुळेचं मागचं टोक अजून उधाणाच्या रेघेच्या खाली होतं. माणसांनी खांदे लावून पाहिले. आजाच्या काळातली हाळीही कोणीतरी आठवून दिली, पण चार ओळींनंतर पुढचं कोणालाच येईना, आणि लाकडानं ऐकलं नाही. ओंडक्यांखाली दगड ठोकले, वाळूच्या गोण्या रचल्या. विनीत आला, बराच वेळ उभा राहिला, आणि क्रेन बोलवायची का असं विचारलं. खरंच मदत म्हणून विचारलं. महादेवनं मान हलवली. क्रेन कुठपर्यंत येते ते दोघांनीही पाहिलं होतं.

गाडी गेली होती. मासळी धक्क्यावरून दादरला कशी न्यायची, पुढल्या मे महिन्यात वाड्यातल्या होड्या कोण ओढणार, हे सगळं होतं. पण आधी उद्याचं पाणी होतं. दुसऱ्या दिवसाचं उधाण अमावस्येपेक्षा थोडं जास्तच चढतं, हे कोळ्याला फोनवर बघावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी पुन्हा चढलं. शेवाळाच्या रेघेवर आलं, गोण्यांपाशी आलं, मग बकुळेच्या मागच्या टोकाखाली शिरलं. तिचं टोक हललं. होडीला पाणी लागलं की ती जिवंत होते. जिवंत झाली की तिला परत जायचं असतं. लाट आली, टोक उचललं गेलं, दोर ताठ झाला, गाडीच्या सांगाड्यातून एक लांब कण्हणं आलं. लाट गेली, दोर ढिला. परत लाट. काठावर रमाबाई स्टूलवर बसली होती.

महादेव गाडीत होता. ब्रेकवर पाय.

लवू खिडकीशी आला. "बिरेकाचो काय उपयोग, म्हादेवा? चाकां जाम हत. सांगलंय ना."

"माहित हाय."

"मग पाय काढ."

महादेवनं पाय काढला नाही. आरशात त्याला बकुळेचं नाव दिसत होतं, उलटं, आणि लाटेबरोबर वर जाणारं, खाली येणारं.

दुसऱ्या बाजूनं दार उघडलं. शांती चढली. तिच्या हातांना हळदीची फडकी बांधली होती. कुठलाच गिअर आता पडणार नव्हता, तरी ती सवयीनं दांड्याच्या बाजूला सरकून बसली, त्याला डब्याची पिशवी अडकवली आणि डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडून तिनं त्याच्या तोंडाशी नेला.

"खावा," ती म्हणाली. "पाय राहू द्या तिथंच."

त्यानं खाल्लं. मागे दोर परत ताठ झाला.